कोंपा ही झूकची नक्कल नव्हे
कोंपा ही कॅरिबियनमधल्या हैती देशाची नृत्यसंगीताची शैली, तर झूक ही ग्वादलूप आणि मार्तिनिक या फ्रेंच कॅरिबियन बेटांची. तरीही हैतीच्या एखाद्या कलाकाराला पुरस्कार मिळाला की हमखास कुणीतरी लिहितं, "कोंपा म्हणजे झूकचाच प्रकार." हे साफ उलटं आहे. सॅक्सोफोनवादक नेमूर झाँ-बातिस्त यांनी कोंपाचा पाया घातला १९५५ साली, हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये. झूक जगभर नेणारा 'कासाव' बँड स्थापन झाला १९७९मध्ये! मधल्या काळात हैतीचे बँड ग्वादलूप-मार्तिनिकमध्ये गाजत होते; झूकने त्यांच्याकडून भरपूर घेतलं. कोंपा ऐकताना घंटेकडे कान द्या. ढोलाच्या जोडीने ती लय धरून ठेवते आणि गिटार तिच्यावर मनसोक्त खेळते. डिसेंबर २०२५मध्ये युनेस्कोने कोंपाला अमूर्त वारशाच्या यादीत मानाचं स्थान दिलं, तेही हैतीच्याच नावाने. बैठक होती दिल्लीत. आपली दिवाळीही त्याच बैठकीत यादीत आली.