पोषण व शाश्वत अन्नव्यवस्था (विद्यापीठीय अभ्यास, नागपूर)

आहाराचा शरीरावर होणारा परिणाम आणि तो आहार पिकवण्यास लागणारी माती, पाणी, बियाणे व श्रम यांचा एकत्र विचार करणारे अध्ययनक्षेत्र. नागपुरात त्याची अंगे विभागलेली आहेत. पोषण व आहारशास्त्र गृहविज्ञानात शिकवले जाते, अन्नप्रक्रिया १९४२ मध्ये स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत (आता स्वतंत्र विद्यापीठ), तर पीकशास्त्र १९०६ पासूनच्या कृषी महाविद्यालयात. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. परंतु १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाल्यावर हे महाविद्यालय त्याच्याकडे गेले आणि शेत व ताट यांची विद्यापीठे वेगळी झाली.

या विचाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ‘पोषण-परिस्थितिविज्ञान’ ही संज्ञा १९८६ मध्ये जर्मनीतील गीसेन विद्यापीठात रूढ झाली, असे तेथील अभ्यासक मानतात. त्याच वर्षी पोषणतज्ज्ञ जोन गसो व कॅथरीन क्लॅन्सी यांनी अमेरिकेत शाश्वततेला धरून आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे मांडली. गसो मात्र कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात या आशयाचा अभ्यासक्रम बहुधा १९७० च्या दशकापासूनच शिकवीत होत्या. त्यामुळे अध्यापनापुरते अग्रत्व त्यांच्याकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतात ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे सुरू केलेल्या संशोधनातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

पोषण आणि शेती वेगळी काढता येत नाहीत, हे विदर्भात लाखोळी (खेसरी) या कडधान्याइतके दुसऱ्या कोणत्याही पिकाने स्पष्ट होत नाही. पूर्व विदर्भात उभ्या धानात, कापणीपूर्वी, जमिनीतील उरल्या ओलाव्यावर ती फेकून पेरतात. या उतेरा पद्धतीत नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, आणि कडधान्य असल्याने ती जमिनीत नत्र स्थिर करते. मात्र तिच्या दाण्यात बीटा-ओडीएपी हे चेताविष, म्हणजे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष, असते. दुष्काळात, दुसरे काही नसल्यामुळे, महिनोन्महिने मुख्यतः तीच खाल्ली गेली की पायांना कायमचा लुळेपणा येतो. सुश्रुतसंहितेतील ‘कलायखंज’ हा हाच रोग असे काही अभ्यासक मानतात, परंतु कलाय म्हणजे वाटाणाही होतो. सामान्यतः सोळाव्या शतकातील समजल्या जाणाऱ्या भावप्रकाश या आयुर्वेदग्रंथात ‘त्रिपुट’ (लाखोळी) हे कडधान्य माणसाला लंगडे-पांगळे करते असे सांगितले आहे, ते अधिक नेमके आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी मध्य प्रदेशातील सागर भागात असे रुग्ण नोंदवले. १९६१ मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास विषाचे प्रमाण घटते, आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’सारखे कमी विषाचे वाणही काढले आहेत. विषद्रव्याचे मापन, वाणाची निवड, स्वयंपाकाची रीत आणि मजुराच्या ताटात दुसरी डाळ आहे की नाही, हे चारही प्रश्न एकाच विद्यार्थ्याने हाताळावेत, अशी या विषयाची मागणी आहे.

जवसाचे उदाहरण त्यामानाने सरळ आहे. कृषी महाविद्यालयात त्यावर दीर्घकाळ संशोधन चालू असून, त्याच्या तेलातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल (एक ओमेगा-३ मेदाम्ल) वैदर्भीय जेवणात चटणीवाटे पोहोचते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या नागपुरी संत्र्याचा अभ्यास केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत होतो, परंतु तो मुख्यतः फळबागेचा, आहाराचा नव्हे.