‘एमपी४ करून दे’ म्हणजे नेमकं काय करू?

जत्रोत्सवातलं नाटक कॅमेऱ्यात असतं, नटांना ते घरच्या टीव्हीवर बघायचं असतं, आणि ज्याच्याकडे लॅपटॉप त्याला निरोप येतो: ‘एमपी४ करून दे.’ या एका वाक्यात दोन वेगळी कामं दडलेली आहेत. पहिलं काही मिनिटांत होतं आणि चित्राचा एक ठिपकाही हलत नाही. दुसरं तासन्‌तास चालतं आणि त्यात गेलेला तपशील परत मिळत नाही. पहिल्याची गरज असताना दुसरं करायचं, आणि वर ‘कॅमेराच बरा नव्हता’ म्हणून मोकळं व्हायचं, हा प्रकार आता पुरे झाला.

एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एमटीएस ही बरण्यांची, म्हणजे फाइलींच्या प्रकारांची, नावं. बरणीत काय भरलंय, म्हणजे चित्र कुठल्या पद्धतीने आवळलंय, ते निराळं: एच.२६४, एच.२६५, जुन्या डीव्हीडीत एमपेग-२. एमटीएस देणाऱ्या कॅमेऱ्याच्या फाइलीत बहुतेकदा एच.२६४च असतं, म्हणजे टीव्हीला हवं तेच. टीव्हीला फक्त बरणी ओळखीची नसते. मग मिठात घातलेलं करमल (गोव्यातलं आंबट फळ) एका बरणीतून दुसरीत काढावं तसा व्हिडिओ एमटीएसमधून एमपी४मध्ये ओतायचा. याला रीमक्स म्हणतात. करमल तेच, मीठही तेच.

दुसरं काम म्हणजे री-एन्कोड. यात प्रत्येक फ्रेम उलगडायची आणि नव्याने आवळायची. कालचं हुमण (माशांची आमटी) आटवून सकाळी खाल्लं की जास्त चवीचं लागतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. व्हिडिओ मात्र जितक्या वेळा आटवाल तितका बेचव होतो. बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारा डेटा) मूळापेक्षा वाढवला तरी हरवलेलं परत येत नाही, फाइल तेवढी फुगते.

नाव बदलून ‘.एमटीएस’च्या जागी ‘.एमपी४’ टाइप करणं हे या दोहोंपैकी काहीच नाही. ते बरणीवरचं लेबल खरवडणं झालं. काही प्लेअर लेबलाकडे न बघता आत डोकावतात म्हणून कधी कधी चालून जातं, आणि तेवढ्यावर लोक इतरांना शिकवायला लागतात.

आधी फाइल मीडियाइन्फोत (फाइलीत काय आहे ते दाखवणारा प्रोग्राम) उघडा. ‘जनरल’खाली बरणी दिसेल, ‘व्हिडिओ’खाली ऐवज. तिथे एव्हीसी लिहिलं असेल तर ते एच.२६४चंच दुसरं नाव. एचईव्हीसी म्हणजे एच.२६५. एव्हीसी आणि ८-बिट (रंगाची नेहमीची खोली) दिसलं की हँडब्रेक हा री-एन्कोडचा प्रोग्राम बंद करा. हँडब्रेक चांगलंच आहे, पण त्याला चित्र जसंच्या तसं ओतता येत नाही, ते प्रत्येक वेळी नव्याने शिजवतं. नुसत्या बरणीबदलासाठी हँडब्रेक वापरणारे पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

ओतायला एव्हीडीमक्स हा प्रोग्राम घ्या. फाइल उघडा. कॅमेऱ्याने तुकडे केले असतील तर पुढचे क्रमाने ‘अपेंड’ करा. व्हिडिओला ‘कॉपी’, ऑडिओला ‘कॉपी’, फॉरमॅटला ‘एमपी४ मक्सर’, आणि सेव्ह. आवाज एसी-३ प्रकारचा असेल तर टीव्हीवर सहसा वाजतो, पण फोनवर मुका होऊ शकतो. तसं झालं तर फक्त आवाज एएसीमध्ये १९२ किलोबिटला बदला, चित्राला हात लावू नका. आपण कुठलं काम करतोय याची शंका आली तर घड्याळ बघा. ओतायला साधारण फाइल कॉपी होण्याइतकाच वेळ लागतो. पंखा घोंगावतोय आणि ‘उरलेला वेळ ५ तास’ दिसतंय, म्हणजे तुम्ही शिजवताय.

शिजवायची खरी गरज तीन वेळा पडते.

पहिली, आकार. सेकंदाला १७ मेगाबिटने घेतलेलं तीन तासांचं नाटक सुमारे २३ जीबी होतं. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. इथेही शिजवण्याआधी पेनड्राइव्ह एक्सफॅट करून बघा. बरेच नवे टीव्ही तो वाचतात. नाहीच वाचला तर हिशेब असा: तीन तास एकाच फाइलीत बसवायचे तर आवाज धरून सेकंदाला सरासरी ३.१ मेगाबिटच मिळतात. मध्यंतराला कापून दीड-दीड तासाच्या दोन फाइली केल्या तर प्रत्येकीला ६.३. नाटकाला अंक असतात, त्यांचा उपयोग करा.

दुसरी, ऐवजच टीव्हीच्या ओळखीचा नसणं. जुन्या टीव्हीपुढे एच.२६५ ठेवलं की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

तिसरी, इंटरलेस. कॅमेऱ्याने १०८०आय, ५० घेतलं असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी असतात. टीव्ही त्या स्वतः जुळवून घेतो, म्हणून टीव्हीपुरतं नुसतं ओतणं पुरतं. कॉम्प्युटरवर मात्र घुमट वाजवणाऱ्याच्या हाताला फणीचे दात फुटलेले दिसतात. तिथे हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस करावं लागतं: ‘बॉब’ निवडा, फ्रेमरेट ५०, कॉन्स्टंट.

शिजवायचंच तर हँडब्रेकमध्ये एच.२६४ (एक्स२६४), प्रीसेट ‘स्लो’, आणि बिटरेटऐवजी कॉन्स्टंट क्वालिटी. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं. १०८०ला २० ते २२, डीव्हीडीच्या ५७६ला १८ ते २०. सरासरी बिटरेट आणि टू-पास (दोन फेऱ्यांत एन्कोड) फक्त वरच्यासारखं मापात बसवायचं असेल तेव्हाच. रंगमंचावर मागचा पडदा सहसा हलत नाही, दिवेही सारखे बदलत नाहीत, म्हणून नाटक थोड्या बिटांत भागतं. शिगम्याच्या मिरवणुकीचं तसं नाही. रोमटामेळात गुलाल उडतो, शंभर पताका एकदम हलतात. नाटकाला पुरलेल्या ३ मेगाबिटमध्ये त्याचे चौकोनी ठोकळे होतात.

आणि सगळ्यात फसवी दिवजांची, म्हणजे देवळातल्या दिव्यांच्या उत्सवाची, रात्र. फ्रेम जवळजवळ काळी, मध्ये ओळीने ज्योती, म्हणून वाटतं हिला काय लागणार. पण एन्कोडर काळ्या भागावर सर्वात आधी कंजुषी करतो. ज्योतीभोवतीचा उजेड हळूहळू विरण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी तुटतो आणि मागची माणसं मातीच्या गोळ्यासारखी होतात. इथे आकडा १८ वर आणा. १०-बिटने पट्टे कमी होतात खरे, पण १०-बिट एच.२६४ घरचे बहुतेक टीव्ही चालवत नाहीत.

एच.२६५ लहान फाइल देतं, पण दहा घरांत वाटायचं असेल तर एच.२६४च. ग्राफिक्स कार्डावरचं एन्कोडिंग झटपट होतं, पण त्याच आकारात चित्र उणं पडतं. घाई नसेल तर प्रोसेसरवर रात्रभर चालू द्या. ७२०चं १०८० करणं हा वेळेचा अपव्यय.

एमकेव्ही की एमपी४, हा वाद खरं तर दोन ओळींचा. रेकॉर्डिंगला एमकेव्ही, वाटायला एमपी४. एमपी४ची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. ऐन नाटकात वीज गेली की फाइल उघडतच नाही. एमकेव्ही जिथवर लिहिली गेली तिथवर चालते. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये ‘फाइल’ मेनूतच ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे, घरी येऊन ओता.

एवढं सगळं सांभाळून फाइल तयार झाली की कुणीतरी ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकतो आणि व्हॉट्सॲप ती पुन्हा शिजवतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. त्याहून मोठी असेल तर पेनड्राइव्ह घेऊन घरी जा.