नगरपरिषदेच्या बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल माहिती अधिकारात कसा मागवायचा?

ज्या शहराला धरणाचं नव्हे तर विंधन विहिरींचं पाणी येतं, तिथे नुसत्या क्लोरीनवर समाधान मानू नये. क्लोरीनने जंतू मरतात, पण नायट्रेट आणि फ्लोराईड पाण्यातच राहतात. उकळलं तरी जात नाहीत. उलट पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण वाढतं. त्यामुळे प्रत्येक बोअरचा रासायनिक अहवाल बघायला हवा, आणि तो मागण्याचा हक्क माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ देतो.

पात्रता एवढीच, की अर्जदार भारताचा नागरिक असावा. नळजोडणी तुमच्या नावावर आहे का, पाणीपट्टी थकली आहे का, याचा इथे संबंध नाही. माहिती कशाला हवी हेही सांगावं लागत नाही.

अर्ज महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे जोडपत्र 'अ' या ठरावीक नमुन्यात, 'जन माहिती अधिकारी, पाणीपुरवठा विभाग' यांच्या नावे करा. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा रोख भरून पावती घ्या. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायला विसरू नका. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

बहुतेक अर्ज फसतात ते मजकुरात. 'आमचं पाणी पिण्यायोग्य आहे का?' असं विचारलं की 'होय' एवढंच उत्तर येतं, किंवा तेही येत नाही. कायद्याने मिळते ती कार्यालयाच्या दप्तरी असलेली माहिती, मत नव्हे. म्हणून असं लिहा: '१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील, पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक विंधन विहिरीच्या पाण्याच्या रासायनिक व जैविक तपासणी अहवालांच्या प्रती, नमुना घेतल्याचे ठिकाण व दिनांक यांसह.' ठिकाण महत्त्वाचं. टाकीत चार बोअरचं पाणी मिसळलं की एका खराब बोअरचा आकडा झाकला जातो.

प्रतीसाठी पानाला २ रुपये पडतात. हाती आलेले आकडे आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी ताडून बघा: लिटरमागे नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपर्यंत, फ्लोराईड १ मिलिग्रॅम (दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत), आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) अजिबात नकोत. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. तो फारसं कोणी वापरत नाही.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर माहिती पुढे विनाशुल्क द्यावी लागते. तोपर्यंत थांबत बसू नका. मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'ब' मध्ये अपील करा, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही दाद लागली नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. सोबत मूळ अर्ज, पोच आणि पहिल्या अपिलाची प्रत लावा.