पन्ह्यातलं चिमूटभर मीठ

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि तिथून अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी सुरू असतात. समोर आरास, ओटीत भिजवलेले हरभरे, ताटलीत कलिंगडाच्या फोडी, वाटीत कैरीची डाळ आणि सोबत पन्हं. मैत्रिणी मिळून एका संध्याकाळी चार-पाच घरं करतात आणि प्रत्येक घरी पन्ह्याचा पेला हातात येतो. त्यातल्या गुळाचं, वेलचीचं, केशराचं कौतुक होतं. मिठाचं नाव कोणी काढत नाही. पुष्कळ घरांत तर ते घालायचंच राहून जातं. उन्हाळ्याच्या दृष्टीने पाहिलं, तर पन्ह्यातला सगळ्यात मोलाचा जिन्नस तोच आहे.

सुरुवात घामापासून करू. एक लिटर घाम अंगावर वाळला की तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी याच नियमाने गार होतं: छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाफ होताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेतं. पण हवा किती कोरडी आहे, यावर सगळं अवलंबून. नागपुरात पारा ४२ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना ते २८ अंशांच्या खाली जात नाही. म्हणून विदर्भातला माठ गारेगार आणि कोकणातला जेमतेम.

कातडीचंही तसंच आहे. कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. दमट हवेत तो नुसता ओघळतो. गारवा फारसा मिळत नाही, पण पाणी आणि मीठ मात्र जातं. लिटरभर घामात माणसागणिक साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ असतं.

इथे चैत्र महिना महत्त्वाचा ठरतो. घामाच्या ग्रंथींमधून घाम बाहेर पडताना त्यातलं बरंचसं सोडियम, म्हणजे मिठाचा मुख्य घटक, शरीर परत ओढून घेतं. उन्हाची सवय झाली की अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या मदतीने हे काम जास्त नेटाने होतं आणि घाम कमी खारट होतो. पण ही सवय व्हायला सततच्या उन्हात एक-दोन आठवडे जातात. म्हणजे उन्हाळा नुकताच तापायला लागलेला असताना आपला घाम जास्त खारट असतो. नेमक्या याच दिवसांत घरोघरी पन्हं होतं, हे मला फार आवडतं.

मग साधं पाणी का पुरत नाही? भरपूर घाम गेल्यावर एकदम तांब्याभर पाणी प्यायलं की रक्त थोडं पातळ होतं. तहान भागल्यासारखी वाटते, आणि मूत्रपिंडं जास्तीचं समजून त्यातलं बरंच पाणी बाहेर टाकतात. सोबत सोडियम असेल तर ते पाणी शरीरात टिकतं. तीन बोटांच्या चिमटीत साधारण अर्धा ग्रॅम मीठ येतं. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात ते घातलं, तर पन्ह्याचा खारटपणा जवळजवळ घामाइतका होतो.

आता गूळ. लहान आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं, जे ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसोबतच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत शिरतं. ही जोडी अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी तोंडाने पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. गुळातली साखर आतड्यात फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्यामुळे मीठ घातलेल्या पन्ह्यातही हीच जोडी कामाला लागते.

फक्त गूळ हात राखून घालावा. पेल्याला चार चमचे गूळ पडला की द्रावण रक्ताहून बरंच दाट होतं. जठर ते सावकाश पुढे सोडतं आणि आतड्यात सुरुवातीला पाणी उलटं ओढलं जातं. दाट पन्हं जिभेला सुखावतं, पण तहानेला पातळच बरं. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर मात्र पन्ह्यावर विसंबू नये, औषधाच्या दुकानातलं ओआरएस, म्हणजे मीठ-ग्लुकोजची मोजून केलेली पूड, सांगितल्याइतक्या पाण्यात मिसळून द्यावं. त्यात लिटरला अवघं साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी गूळ आणि मीठ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावं.

वेलचीतलं सिनिओल हे द्रव्य थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहींना चेतवतं. तापमान तेवढंच राहतं, पण गार वाटतं.

पन्ह्यासाठी कैरी उकडतो तेव्हा तिच्यातलं क जीवनसत्त्व काही प्रमाणात कमी होतं. डाळीत कैरी कच्चीच किसून पडते, म्हणून तिथे ते शाबूत राहतं. हरभऱ्याच्या डाळीतलं लोह शरीराला सहजी शोषता येत नाही. क जीवनसत्त्व आणि कैरीचं आम्ल त्याला शोषायला सोपं रूप देतात. डाळ चार-पाच तास भिजवून ते पाणी टाकून दिलं, तर पोटात वायू करणाऱ्या शर्कराही थोड्या निघून जातात. ती जाडसर वाटावी, वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी द्यावी. कैरीच्या आम्लामुळे जंतूंची वाढ थोडी मंदावते, पण डाळ कच्ची आणि ओली असते, शिवाय खोबरंही असतं. त्यामुळे बायका यायच्या तासभर आधी वाटावी, आणि उरलीच तर शेजारी त्याच संध्याकाळी वाटी पोचती करावी.