शेवटच्या दिवसांतली भूक

"बाकी काही करू नका म्हणता, ठीक आहे. पण निदान एक सलाईन तरी लावा. माणसाला उपाशी कसं ठेवायचं?"

हे मी स्वतः बोललो आहे. मावशीचा स्वादुपिंडाचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात होता, ती घरीच होती आणि चार दिवसांत तिनं दोन-तीन चमचे पेजेपलीकडे काही घेतलं नव्हतं. आईनं मऊ भात करून पाहिला, शहाळं आणलं, विनवण्या केल्या, एकदा तर रागावलीसुद्धा. मावशी ओठ मिटून घ्यायची. घरात तिच्या दुखण्याबद्दल जेवढं बोलणं व्हायचं, त्याहून जास्त त्या मिटलेल्या ओठांबद्दल व्हायचं. हॉस्पिसच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या, नर्सताई आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाल्या, "त्या जेवत नाहीत म्हणून चालल्यात असं नाही. त्या चालल्यात म्हणून जेवत नाहीत."

त्या वेळी हे समजुतीचं बोलणं वाटलं. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं, की त्या वाक्यात शरीरशास्त्राचं एक अख्खं प्रकरण आहे.

आधी साधा उपवास घेऊ. धडधाकट माणूस जेवला नाही, की पहिल्या दिवशी यकृतात साठवलेली साखर वापरली जाते. ती संपली की स्नायूंतल्या प्रथिनांपासून साखर तयार होऊ लागते. हे असंच चालू राहिलं तर स्नायू भराभर झिजतील, म्हणून दोन-तीन दिवसांत शरीर धोरण बदलतं. चरबीपासून कीटोन बनतात, मेंदूही ते इंधन म्हणून स्वीकारतो आणि स्नायूंची झीज मंदावते. अशा माणसाला पुन्हा जेवायला घातलं की तो भरून येतो.

कॅन्सर, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होणं, अशा आजारांच्या अखेरीस जी झीज होते तिला कॅकेक्सिया म्हणतात. ग्रीक भाषेत याचा अर्थ 'वाईट अवस्था'. इथे तो काटकसरीचा टप्पा नीट येतच नाही. चरबी जाते, आणि तिच्याबरोबर स्नायूही जातात. स्नायूंच्या पेशीत एकेका प्रथिनाला युबिक्विटिन नावाची छोटी खूणचिठ्ठी चिकटते, जशी पाडायच्या इमारतीवर खूण करून ठेवतात तशी, आणि प्रोटिअसोम नावाचं यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतं. ते तुकडे, म्हणजे अमिनो आम्लं, यकृताकडे जातात. एरवी यकृत त्यांपासून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन बनवतं. दाह पेटलेला असताना ते आपली कोठी सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनसारख्या आणीबाणीच्या प्रथिनांकडे वळवतं. वरून कितीही दूध-अंडी घातली तरी हा हुकूम बदलत नाही.

हा हुकूम देतं कोण? १९८५ मध्ये अँथनी सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेला याचा एक मोठा धागा सापडला. परजीवींचा संसर्ग झालेली जनावरं खंगत का जातात, या प्रश्नाचा पाठलाग करताना त्यांनी 'कॅकेक्टिन' नावाचं प्रथिन वेगळं काढलं. गाठी नष्ट करणारं म्हणून आधीच माहीत असलेलं ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर तेच निघालं. म्हणजे आपल्याच प्रतिकारशक्तीचा निरोप्या आपल्याला खंगवतो.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते जीडीएफ१५. त्रासात असलेल्या पेशी हे हार्मोन रक्तात सोडतात, आणि बऱ्याच गाठी ते भरपूर प्रमाणात बनवतात. ते ओळखणारा ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, कुठे आहे, हे मात्र २०१७ मध्ये कळलं. गफ्राल नावाचा हा ग्राहक मेंदूच्या अगदी मागच्या खालच्या भागात, मेंदूच्या देठात आहे. रक्तातली विषं ओळखून उलटी घडवणारी चौकी तिथेच आहे आणि तिथे रक्त व मेंदू यांच्यातली भिंत मुद्दाम विरळ ठेवलेली आहे. जीडीएफ१५ तिथे पोचलं की अन्न नकोसं होतं, वासानं मळमळतं. हेच हार्मोन गर्भारपणात वारेतून येतं, आणि गरोदर बाईच्या उलट्यांमागे त्याचा मोठा हात आहे हे २०२३ मध्ये दाखवून दिलं गेलं. पहिलटकरणीला फोडणीचा वास सहन होत नाही तेव्हा "खा गं, खा" म्हणून आपण तिच्या तोंडात घास कोंबत नाही. मावशीला त्याच चौकीवरून तसाच निरोप मिळत होता, आणि आम्ही तिच्यापुढे वाटी धरून उभे होतो.

जीडीएफ१५ ला अडवणाऱ्या पॉन्सेग्रोमॅब या प्रतिपिंडाची (अँटिबॉडीची) १८७ कॅन्सररुग्णांवर चाचणी झाली. २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष आले, आणि १२ आठवड्यांत वजन वाढलेलं दिसलं. ज्यांच्या हातात अजून काही महिने आहेत त्यांच्यासाठी ही मोठी आशा आहे. शेवटच्या आठवड्याचा प्रश्न वेगळा आहे.

आता सलाईन. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. ते कमी झालं की शिरेतून दिलेलं पाणी पाझरून बाहेर जातं. पाय सुजतात, पोटात पाणी होतं, छातीत घरघर वाढते. अमेरिकेत ह्यूस्टन भागातल्या हॉस्पिसच्या १२९ कॅन्सररुग्णांवर एक काटेकोर प्रयोग झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना रोज एक लिटर सलाईन, काहींना नावापुरतं १०० मिलिलिटर. त्रासाच्या लक्षणांत फरक नाही, जगण्याच्या दिवसांतही नाही. याचा अर्थ सलाईन कधीच देऊ नये असा नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं असेल, उलट्या-जुलाबांनी माणूस सुकला असेल, तर ते द्यावंच लागतं. तोंड आलंय, शौचाला साफ होत नाही, अशा कारणांनी भूक गेली असेल तर आधी त्यावर उपाय करायचा. हे पारखायला जाणतं माणूस हवं.

कोरड पडते ती बहुतेक तोंडातच. ओला कापूस ओठांवरून फिरवायचा, जीभ पुसायची, चमच्याच्या टोकानं थेंब-थेंब पाणी. तुळशीपत्रानं तोंडात पाणी सोडणाऱ्या आपल्या आजीला हे माहीत होतं. याउलट मोबाईलवर फिरणारं 'साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल' हे निखालस खोटं आहे. साखर तोडली तर यकृत स्नायूंतून ती बनवतं. गाठीला मिळायची ती मिळते, झिजतो माणूस. अशा पथ्यांपायी शेवटच्या महिन्यात ज्यांना आवडीचा शिराही दिला गेला नाही असे रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्याचा मला संताप येतो.

घरच्यांना हे समजावणं हा उपचाराचाच भाग आहे, हा विचार सिसिली सॉन्डर्स यांचा. त्या आधी नर्स, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. वेदना शरीराची, मनाची, नात्यांची, श्रद्धेची अशी मिळून एक असते, असं त्या मांडत. मग रुग्णाच्या उशाशी बसलेलं माणूस त्यातून कसं वगळणार? आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झालं, पुढे गोव्यात लोटलीलाही. पुण्यात वारज्याला १९९७ पासून अशाच रुग्णांसाठी सिप्ला केंद्र आहे. तिथे रुग्णाबरोबर घरचं माणूस राहतं आणि कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची हे शिकून जातं. दोन्हीकडे पैसे घेत नाहीत.

पण बहुतेक माणसं शेवटचा श्वास घरीच घेतात, आणि दर दारात रोज नर्स पोचणं शक्य नाही. केरळनं यावर जो मार्ग काढला त्याचं मला फार मोल वाटतं. कोळिकोडला १९९३ मध्ये डॉक्टरांनी वेदनाशमनाची संस्था काढली. दवाखान्यातून काम भागत नाही हे दिसल्यावर दशकाच्या अखेरीस मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचं जाळं विणायला घेतलं. शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, कॉलेजची मुलं थोडं प्रशिक्षण घेऊन आपल्याच गल्लीतल्या रुग्णाकडे जाऊ लागली. २००८ मध्ये राज्यानं धोरण केलं, आणि घरी जाणाऱ्या नर्सेसची व्यवस्था ग्रामपंचायती व नगरपालिकांकडे आली. औषधांची पारख नर्स-डॉक्टरांची. शेजाऱ्यांनी करायचं ते बसणं, ऐकणं, मुलांच्या फीची सोय बघणं, दोन तास थांबून घरच्या बाईला झोपू देणं. कमावता माणूसच अंथरुणाला खिळला असेल, तर त्या घरी तांदळाची पिशवीही जाते.

आमच्याकडे शेवटच्या तीन दिवसांत समोरच्या काकू डबा घेऊन येत. मावशीजवळ त्या बसायच्या, कापूस ओला करायच्या आणि आईला आत जेवायला पाठवायच्या. आई दोन दिवसांनी त्या डब्यातली आमटी-भात पोटभर जेवली.