रॉक बँड आणि सिंफनी वाद्यवृंद यांचे सहवादन

गिटार, बेस, ड्रम, की-बोर्ड आणि गायक असा चार-पाच जणांचा रॉक बँड आणि साठ ते शंभर वादकांचा पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंद यांनी एकाच मंचावर, श्रोत्यांसमोर, एकत्र केलेले वादन. बँडचे ध्वनिमुद्रण आधी उरकून त्यावर मागाहून व्हायोलिनचे थर चढवणे हा स्टुडिओतला उद्योग वेगळा. तो या नोंदीत धरलेला नाही. तिथे चूक पुसता येते, मंचावर येत नाही.

रॉक बँड गाणे कानाने बसवतो आणि बोटांत साठवतो. वाद्यवृंदातला वादक समोरच्या कागदावर जे लिहिले आहे ते वाजवतो. या प्रकारातल्या बहुतेक अडचणी, आणि त्यातले बरेचसे सौंदर्यही, या फरकातून निघतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे नाव जाहिरातीत कितीही मोठे असो, प्रयोग तरतो किंवा बुडतो तो तिसऱ्याच माणसावर. हा तिसरा म्हणजे वाद्यवृंदासाठी स्वरलेखन करणारा अरेंजर.

या प्रकारातला पायाभूत प्रयोग २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. डीप पर्पल या बँडचे की-बोर्डवादक जॉन लॉर्ड यांनी बँड व वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांची स्वतंत्र रचना लिहिली. रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राचे संचालन माल्कम अर्नल्ड यांनी केले. जुन्या गाण्यांना व्हायोलिनची झालर लावण्याचा सोपा मार्ग लॉर्ड यांनी घेतला नाही. पहिल्या भागात बँड आणि वाद्यवृंद एकमेकांसमोर उभे ठाकतात, दुसऱ्यात गायन येते, तिसऱ्यात दोघे एकत्र धावतात. तालमीत वाद्यवृंदातल्या काहींची नाराजी उघड दिसत होती; अर्नल्ड बँडच्या बाजूने ठाम उभे राहिले म्हणून काम पुढे गेले. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये ही रचना पुन्हा वाजली आणि त्यानंतर तिचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांचे भाग लिहिलेली संहिता, हरवला.

रचनेचे ध्वनिमुद्रण जगभर विकले जात होते आणि चित्रीकरणही उपलब्ध होते, पण कागद नसल्याने ती जवळजवळ तीस वर्षे कोणालाच वाजवता आली नाही. बँडमधले वादक हयात होते, त्यांना आपापला भाग आठवतही होता. बाकीच्या नव्वदेक वादकांनी मात्र काय वाजवायचे, हे कुणालाच ठाऊक नव्हते. अखेर मार्को डी ग्यूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून आणि चित्रीकरण पाहून एकेका वाद्याची ओळ उतरवून काढली. त्यावर लॉर्ड यांनी हात फिरवला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये, पॉल मान यांच्या संचालनाखाली, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह ती त्याच सभागृहात पुन्हा सादर झाली. या प्रकारात कागदाची किंमत काय, हे सांगायला याहून चांगला दाखला नाही.

बडोद्याच्या मराठी वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली. चीज गुरूच्या तोंडून, तीही त्याच्या मर्जीने मिळायची असा तो काळ. मौलाबक्षांनी चिजा स्वरलिपीत बांधून पुस्तकांतून शाळेतल्या मुलांच्या हाती दिल्या. संस्थानच्या कलावंत कारखान्यात, म्हणजे गायक-वादकांच्या खात्यात, खाँसाहेब होते, आणि पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही संस्थानच्या पदरी होता. कामाठी बागेतला बँडस्टँड त्या काळाची खूण आहे. १९१६ मध्ये विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच शहरात भरली, तेव्हाही लिपीचा विषय चर्चेला होता. सूरसागराकाठची ती गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेच्या रूपाने उभी आहे.

लिपीच्या मर्यादाही बडोद्याने जवळून पाहिल्या आहेत. १९५० मध्ये याच शहरात निवर्तलेल्या फैयाज खाँसाहेबांच्या चिजा लिहून काढता येतात, त्यांची बोल बनवण्याची लज्जत लिहिता येत नाही. रॉक गिटारवादक तार ओढून स्वर वर नेतो, ती आपल्या मींडेची सख्खी बहीण. स्कोअरवर तिच्यासाठी एक वक्र रेघ उमटते आणि बाकीचे त्या वादकावरच सोपवावे लागते. चांगला अरेंजर म्हणूनच बँडचा भाग जवळजवळ मोकळा ठेवतो आणि वाद्यवृंदाचा भाग अगदी बारकाईने लिहितो.

हे लिहिणे किती किचकट असते ते एका उदाहरणावरून कळेल. गिटारच्या खुल्या तारांमुळे रॉकमधली असंख्य गाणी ई या स्वरात बसवलेली असतात. व्हायोलिनलाही ई ची खुली तार असते, तेव्हा तंतुवाद्यांची फारशी तक्रार नसते. पण बी-फ्लॅट ट्रम्पेट हे स्वर बदलून लिहिले जाणारे वाद्य आहे. ई मेजरमधले गाणे त्याच्या कागदावर सहा शार्प (स्वर अर्ध्याने चढवण्याच्या खुणा) घेऊन येते, आणि जितक्या खुणा जास्त तितके वाचणे अवघड. फ्रेंच हॉर्नच्या कागदावर पाच. क्लॅरिनेटवादकाकडे ए या स्वरातले दुसरे क्लॅरिनेट असल्याने त्याचा भाग एका शार्पवर निभावतो, पण ते अरेंजरने आधी ठरवून लिहावे लागते. त्यात बऱ्याच बँडना गिटार अर्धा स्वर उतरवून लावायची सवय असते. मग तंतुवाद्यांच्या खुल्या तारांचा झंकार हातचा जातो.

लयीचा प्रश्न याहून अवघड आहे. ड्रमवादक ठोक्यावर नेमका वाजवतो. वाद्यवृंद मात्र संचालकाच्या काडीचा ठोका पडल्यावर किंचित उशिराने उमटतो. त्या परंपरेत तीच शिस्त आहे. शिवाय आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटर खोल मंचाच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. बडोद्यात नवरात्रात मोठ्या मैदानावर गरबा खेळलेल्यांना याचा अनुभव असतो. मंचापासून शंभर मीटरवर ढोलाची थाप जवळजवळ एक तृतीयांश सेकंद उशिरा पोचते, म्हणून मोठ्या मैदानांवर दूरच्या स्पीकरना मुद्दाम तेवढा विलंब लावण्याची रीत आहे. मंचावर उपाय वेगळा: संचालक, ड्रमवादक आणि गरजेप्रमाणे इतर वादकांच्या कानात एकच क्लिक, म्हणजे लय मोजणारी टकटक, सोडतात. त्याने सगळे एकत्र राहतात खरे, पण लय ताणण्या-सोडण्याची वाद्यवृंदाची खुबी बांधली जाते. १९६९ मध्ये ही सोय नव्हती. त्या ध्वनिमुद्रणात जागोजाग जी थरथर ऐकू येते, ती प्रस्तुत लेखकाला आजच्या चोख वादनाहून अधिक भावते.

आवाजाचे गणित ध्वनियंत्रकाकडे असते. ड्रमचा आवाज व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरला की व्हायोलिन वाढवताना ड्रमही वाढतो. म्हणून ड्रमभोवती पारदर्शक पडदा उभा करतात आणि तंतुवाद्यांवर चिमट्याचे छोटे माइक लावतात.

१९६९ नंतर प्रयोग पुष्कळ झाले, पण सगळे सारख्या मोलाचे नाहीत. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी मे १९७० मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह फ्रँक झॅपा यांच्या बँडला साथ दिली. झॅपा स्वतः स्वरलेखन करणारे होते, त्यामुळे तिथे दोन्ही जगे एकाच डोक्यात होती. प्रोकोल हारम यांची १९७१ ची, कॅनडातील एडमंटन सिंफनीबरोबरची मैफल ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने गाजली. इमर्सन, लेक अँड पामर या त्रिकुटाने १९७७ मध्ये सुमारे सत्तर वादक घेऊन दौरा काढला आणि खर्च झेपेना म्हणून थोड्याच आठवड्यांत वाद्यवृंद परत पाठवावा लागला. मेटालिका आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनी यांच्या एप्रिल १९९९ च्या मैफलींत अरेंजर व संचालक मायकेल केमन यांनी गिटारच्या मागे न लपता तिच्या विरोधात चालणाऱ्या ओळी लिहिल्या, आणि जड आवाजाच्या गाण्यांतही वाद्यवृंद ऐकू आला. २००३ मध्ये मेलबर्नला किस या बँडबरोबर वाजवताना वाद्यवृंदातल्या वादकांनीही चेहरे रंगवले होते. तमाशा देखणा झाला, पण संगीतात भर फार पडली नाही.

भारतात असा प्रयोग करायचा तर पहिली अडचण वाद्यवृंदाचीच. मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना झाली, तोवर देशात पूर्ण व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद नव्हता. बडोद्यासारख्या शहरात शंभर वादक आणण्याचा हट्ट धरण्यापेक्षा वीस-पंचवीस तंतुवाद्ये आणि चार-पाच फुंकवाद्ये एवढ्यावर सुरुवात करणे शहाणपणाचे. मात्र गाणी निवडली की हॉलच्या आरक्षणाआधी अरेंजर गाठावा, आणि प्रत्येक वादकाचा कागद पहिल्या तालमीच्या आधी त्याच्या हाती पडेल हे पाहावे. बँडनेही प्रत्येक गाण्याचा क्रम, म्हणजे कडवी किती, सोलो किती मात्रांचा, शेवट कुठे, तोवर कायमचा ठरवून टाकावा. सोलो रंगला म्हणून चार आवर्तने वाढवण्याची मुभा बँडला एरवी असते. स्कोअर लिहून झाल्यावर ती उरत नाही.