ऐतिहासिक प्रणयकादंबरी (मराठवाड्याच्या संदर्भात)

ऐतिहासिक प्रणयकादंबरी : इतिहासातील ज्ञात व्यक्तींच्या किंवा काळाच्या आधाराने प्रेम, विवाह आणि वियोग यांची कल्पित कथा सांगणारा कादंबरीप्रकार. मराठीत हा प्रकार स्वतंत्र नावाने क्वचितच ओळखला जातो. तो ऐतिहासिक कादंबरीच्या पोटातच येतो. प्रस्तुत नोंदीत त्याच्या भावनिक आवाहनाचा आणि मराठवाड्याशी असलेल्या त्याच्या संबंधाचा विचार केला आहे.

या आवाहनाचे मर्म ज्ञात शेवटात आहे. माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वयाच्या २७व्या वर्षी वारले आणि रमाबाई सती गेल्या, हे मराठी वाचकाला पहिले पान उलटण्यापूर्वीच ठाऊक असते. त्यामुळे ‘पुढे काय झाले’ यापेक्षा ‘ते दोघे त्याला कसे सामोरे गेले’ याची ओढ मोठी ठरते. नाट्यशास्त्रात विप्रलंभ शृंगार (वियोगातील प्रेम) आणि करुण (शोक) या रसांतील भेद सांगताना विप्रलंभ हा सापेक्ष, म्हणजे पुनर्मीलनाची आशा धरणारा, आणि करुण हा निरपेक्ष म्हटला आहे. ऐतिहासिक प्रणयकादंबरीत हे दोन्ही भाव एकाच प्रसंगात, पण वेगवेगळ्या ठिकाणी नांदतात. पात्रे विप्रलंभात असतात, वाचक करुणात. नायिका दिंडी दरवाजाकडे डोळे लावून बसते आणि वाचकाला मोहिमेचा निकाल आधीच माहीत असतो. इंग्रजीतील या प्रकाराच्या बहुतेक कादंबऱ्या सुखान्त असतात. मराठीत ज्यांना मोठा वाचकवर्ग मिळाला त्यांपैकी अनेकींचा शेवट मृत्यूत होतो, आणि मराठी वाचकाला त्यात फसवणूक वाटत नाही.

मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ला (१८७१) सामान्यतः मान दिला जातो. तत्पूर्वी ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत राजपुत्र, राजकन्या, ताटातूट आणि मीलन हा सांगाडा तयार होता. फक्त त्याला काळवेळ नव्हता. भालचंद्र नेमाडे यांनी आरंभीच्या मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मानून ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ वेगळ्या काढल्या आहेत. ही विभागणी उपयुक्त असली, तरी प्रणयापुरती ती तितकी काटेकोर ठरत नाही. ह. ना. आपटे यांच्यापासून पुढे अद्भुतरम्य कादंबरीतील प्रेमकथा बखरीच्या चौकटीत बसवण्याची रीतच पडली.

मराठवाड्यापुरते पाहता हा सांगाडा कादंबरीच्या कितीतरी आधीपासून तवारिखांत, म्हणजे फार्सी इतिहासग्रंथांत, आढळतो. गुजरातचा राजा कर्ण वाघेला याची मुलगी देवलदेवी हिला देवगिरीच्या यादव राजपुत्राशी विवाहासाठी नेत असता वेरूळच्या परिसरात खलजी सैन्याने पकडले, अशी कथा आहे. पुढे तिचा विवाह अल्लाउद्दीनाचा मुलगा खिज्रखान याच्याशी झाला. दिल्ली दरबारचा कवी अमीर खुस्रो याने या जोडप्यावर १३१६च्या सुमारास मसनवी (दीर्घ कथाकाव्य) लिहिली. लेणी पाहायला गेलेल्या शिपायांची आणि देवलदेवीच्या रक्षकांची अचानक गाठ पडली, हा तपशील मात्र फार्सी इतिहासकार फिरिश्ता याचा असून तो घटनेनंतर सुमारे ३०० वर्षांनी लिहिलेला आहे. काही अभ्यासक देवलदेवीची सगळी हकिकतच कविकल्पना मानतात. खुस्रो खिज्रखानाचा समकालीन आणि दरबारी होता हे लक्षात घेता विवाहाचा गाभा खरा आणि वेरूळचा प्रसंग नंतरची भर, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. गुजरातीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘करण घेलो’ (१८६६) याच राजघराण्यावर आहे.

देवगिरीच्याच छिताईची कथा याच्या उलट वळणाची आहे. नारायणदासाच्या हिंदी ‘छिताई वार्ता’मध्ये रामदेवरावाची ही कन्या शेवटी आपल्या पतीला परत मिळते. दौलताबादेत राहून १३५०मध्ये ‘फुतूह-उस्-सलातीन’ हा पद्य इतिहास पूर्ण करणारा इसामी मात्र रामदेवरावाची मुलगी अल्लाउद्दीनाच्या जनानखान्यात गेल्याचे सांगतो. दोन्हींतील स्त्री एकच असल्यास, काव्याने इतिहासाचा शेवट बदलला असे म्हणावे लागते.

औरंगजेब आणि हिराबाई जैनाबादी यांची कथा कालनिर्णयाच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची आहे. भेट बुऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादेत झाली आणि हिराबाईचे दफन औरंगाबादेत एका मोठ्या तलावाकाठी झाले, असे ‘मआसिर-उल-उमरा’ या मोगल सरदारांच्या चरित्रकोशावरून दिसते. तिने मद्याचा पेला पुढे करून शहजाद्याच्या प्रेमाची परीक्षा घेतली आणि तो ओठांशी नेताच काढून घेतला, हा प्रसिद्ध प्रसंगही त्यातलाच. औरंगजेब दख्खनचा सुभेदार दोनदा होता : १६३६–४४ आणि १६५२–५८. ‘अहकाम-इ-आलमगीरी’ या औरंगजेबाविषयीच्या आख्यायिकांच्या संग्रहाचा रोख पहिल्या कारकिर्दीकडे दिसतो, परंतु त्या ग्रंथाच्या विश्वसनीयतेविषयी शंका आहेत. हिराबाई ज्याच्या घरी होती तो मीर खलील १६४९–५०च्या सुमारास दख्खनेत आला आणि १६५३मध्ये धारूरचा किल्लेदार झाला. यावरून जदुनाथ सरकार यांनी सुचवलेला १६५३च्या आसपासचा काळ ग्राह्य वाटतो. म्हणजे नायक पस्तिशीचा, मुलाबाळांचा बाप होता. कादंबरीला अठरा वर्षांचा राजपुत्र अधिक सोयीचा वाटावा हे साहजिक आहे. ‘मआसिर’चा कर्ता शाहनवाजखान १७५८मध्ये औरंगाबादेत मारला गेला, त्याच्या घराची लूट झाली आणि ग्रंथाचे विखुरलेले कागद गुलाम अली आझाद बिलग्रामी (१७०४–८६) यांनी जमवले. त्यांची कबर खुलताबादेत आहे. ज्या गावात हिराबाई पुरली गेली, तिथेच तिची गोष्ट हरवता हरवता वाचली.

बीबी का मकबरा हे दिलरस बानू (मृत्यू १६५७) हिचे स्मारक. लोकसमजुतीत ते औरंगजेबाच्या प्रेमाचे प्रतीक ठरले असले, तरी त्याच्या उभारणीचे श्रेय पुत्र आझमशाह याला देण्याकडे कल आहे. मातृभक्तीपेक्षा दाम्पत्यप्रेम कथेला मानवते, एवढाच याचा अर्थ.

विसाव्या शतकातील मराठी कादंबरीने या कथा तुलनेने कमी वापरल्या. पेशवाईवरील कादंबऱ्यांत मराठवाडा येतो तो रणभूमी म्हणून : वैजापूरजवळचे पालखेड (१७२८), उदगीर (१७६०), गोदाकाठचे राक्षसभुवन (१७६३). प्रणय पुण्याच्या वाड्यात घडतो आणि गोदावरीचा मुलूख ताटातुटीचे कारण होतो. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२, साहित्य अकादेमी पुरस्कार १९६४) माधवराव-रमाबाईंचे सहजीवन मध्यभागी आणले. राक्षसभुवनी लढला तेव्हा हा नायक १८ वर्षांचा होता. बीड-गेवराईकडच्या वाचकाला ओळखीचे गाव सापडते, ते नायिकेच्या काळजीचा विषय म्हणून.

या वाचनामागे प्रादेशिक परिस्थितीही आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षण मुख्यतः उर्दूतून होते. उस्मानिया विद्यापीठात (स्थापना १९१८) शिकलेल्यांना अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांच्या उर्दू ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या थेट वाचता येत. मराठी कादंबरी पुण्या-मुंबईहून येई. मराठवाडा १९५६मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६०मध्ये महाराष्ट्रात आला, आणि पेशवेकालीन कादंबरीची लाट त्यानंतर लगेच उसळली.

समीक्षेने या प्रकाराला फारसा मान दिलेला नाही. भावविवशता आणि नायकपूजा हे नेहमीचे आक्षेप. नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांचे शिवचरित्राविषयीचे दीर्घ पत्र रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरील कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडले आहे. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–९४) यांनी फार्सी साधने मराठीत आणली. दोघांचाही भर राजकारणावर आणि पुराव्यावर आहे, प्रणयावर नाही.